उरलंय का?

“पाणी सोडा,” सर म्हणाले. सिस्टरने कोमट सलाईनची सिरिंज त्यांच्या हातात दिली.

कवटीला पाडलेल्या खिडकीतून आत लिंबाएवढा खळगा दिसत होता. सकाळी तिथे गाठ होती. सरांनी सिरिंजचं टोक खळग्याच्या भिंतीला टेकवलं आणि सलाईन हळूहळू आत सोडलं. वरून धार धरली तर बुडबुडे होतात, आणि एक बारकासा बुडबुडासुद्धा सोनोग्राफीच्या पडद्यावर आपल्या मागचं सगळं झाकून टाकतो. खळगा काठोकाठ भरला. मेंदूच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरचं पाणी थोडं उचललं जायचं, थोडं उतरायचं. मग निर्जंतुक पिशवी चढवलेला सोनोग्राफीचा प्रोब त्या पाण्याला टेकला, पडद्यावर एका काळ्या पोकळीभोवती करडे-पांढरे पदर उमटले, आणि सरांनी मान न वळवता विचारलं, “मॅडम, उरलंय का?”

गेली कित्येक वर्षं हा प्रश्न मला विचारला जातोय. उत्तर द्यायला किती सेकंद मिळतात ते मी कधी मोजलं नाही. पण तेवढ्या वेळात ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, एकेक आवाज मला सुटा ऐकू येतो. मॉनिटरची टिकटिक, सक्शनची सुरसुर, दाराशी उभ्या असलेल्या मामांच्या चपलेची करकर.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. आमचं काम अंधाऱ्या खोलीतलं. दिवसभरात कितीतरी माणसांचे मेंदू, फुप्फुसं, यकृतं डोळ्यांपुढून जातात आणि त्यातलं एकही माणूस समोर नसतं. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं की दोन-तीन दिवसांच्या आत पुन्हा एमआरआय करतात. उशीर केला तर जखम भरताना होणारा दाहही, गाठ चमकावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध घेतो, पडद्यावर चमकतो, आणि गाठ कुठली नि जखम कुठली ते सांगता येत नाही. तर तो एमआरआय माझ्याकडे यायचा. मी कालची आणि आजची चित्रं शेजारी शेजारी लावायची, खळग्याच्या कडेने नजर फिरवायची, आणि कुठे चमकणारा तुकडा दिसला तर रिपोर्टमध्ये लिहायची : रेसिड्युअल, म्हणजे उरलेली गाठ. पुढे मिलिमीटरमध्ये माप. सही. पुढची केस.

हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल याचा हिशेब नाही. तो लिहून होईपर्यंत त्या माणसाच्या कवटीचं हाड परत बसवलेलं असायचं, टाके पडलेले असायचे, बायको-मुलांना “ऑपरेशन चांगलं झालं” असं सांगून झालेलं असायचं. माझा शब्द खरा होता, पण वरातीमागून येणारा होता. त्यावर करण्यासारखं एकच उरायचं, पुन्हा डोकं उघडायचं, आणि ते क्वचितच कुणाला पेलायचं.

एकदा एक न्यूरोसर्जन असा रिपोर्ट हातात घेऊन खाली आमच्या खोलीत आले. रागावलेले नव्हते. खुर्ची ओढून बसले, पडद्यावरच्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे मला काल दुपारी कळलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं, मॅडम.” मी काय बोलणार? पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वर ओटीत बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी मला काहीच ओळखता आलं नाही, हे मी आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. आमच्या पडद्यावर मेंदू करडा असतो, स्थिर असतो, सरळ असतो, आणि रुग्णाची डावी बाजू आमच्या उजव्या हाताला असते. तिथे माणूस कुशीवर निजवलेला, डोकं तीन खिळ्यांच्या चापात घट्ट धरलेलं, सगळीकडे हिरवी कापडं, आणि मधल्या खिडकीत साय आल्यासारखा फिक्या गुलाबी रंगाचा, लाल-जांभळ्या शिरांनी विणलेला, हलणारा मेंदू. तो हलतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिल्यावर मात्र दोन पावलं मागे सरकले. आणि गाठ? जी मला खाली खोलीत सेकंदात दिसायची, ती तिथे दिसेचना. सरांनी सक्शनच्या टोकाने एक जागा दाखवली. बाकीच्यापेक्षा किंचित करडी, किंचित मऊ. “ही इथून सुरू होते,” ते म्हणाले. “संपते कुठे, ते सांगायला तुम्हाला बोलावलंय.”

संपते कुठे. या एका गोष्टीपायी गेल्या शंभर वर्षांत माणसांनी काय काय केलंय ते वाचताना अंगावर काटा येतो. ग्लायोमा जातीच्या गाठी मेंदूच्याच आधार-पेशींमधून निघतात आणि निरोगी मेंदूत मुळं सोडत जातात. १९२८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जनने अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा गोलार्धच्या गोलार्ध काढून पाहिला. तरी आजार हटला नाही. आमच्या सांगलीकडे कृष्णाकाठी मळीची जमीन असते. नदी गाळ टाकते तशी ती वाढते, कापते तशी घटते. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, नकाशावर रेघ असते, पण प्रत्यक्षात उभं राहून बांध कुठे म्हणून विचारलंत तर माझे आजोबा नुसता हात फिरवून “इथंच, या अंगाला” एवढंच सांगायचे. ग्लायोमाची कड अशीच असते. बांध नसलेली.

तरी नकाशा लागतोच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिल्यांदा एका रुग्णाचं डोकं ठेवलं गेलं. एका बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्र ८० गुणिले ८० चौकोनांचं. आज मोबाइलवरच्या छोट्याशा खुणेतही त्याहून जास्त ठिपके असतात. पण त्या चौकटींमध्ये गाठ दिसली. त्याआधी मेंदूतली गाठ शोधायची म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंग सोडून, काय सरकलंय यावरून अंदाज बांधायचा. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. पुढे एमआरआय आला, चित्र स्वच्छ झालं. नव्वदीच्या दशकात ही चित्रं ओटीतल्या संगणकात भरून नॅव्हिगेशन सुरू झालं. सर्जनच्या हातातल्या काडीवर चमकणारे गोळे असतात, वरचा इन्फ्रारेड कॅमेरा ते पाहतो, आणि काडीचं टोक मेंदूत कुठे आहे ते एमआरआयच्या चित्रावर दाखवतो. गाडीतला रस्ता दाखवणारा नकाशा असतो ना, तसंच.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. नकाशा असतो सकाळचा, किंवा आदल्या दिवशीचा. कवटी उघडली, आवरण कापलं, की मेंदूभोवतीचं पाणी वाहून जातं. मेंदू खाली बसतो. गाठीचा थोडा भाग काढला की भोवतालचा मेंदू त्या रिकाम्या जागेत ओघळतो. कधी सुजून उलट वर येतो. हे सरकणं सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही जास्त मोजलं गेलंय. बोलण्याचा भाग आणि गाठ यांच्यात कधी कधी सेंटिमीटरही अंतर नसतं. काडीचं टोक मात्र अजूनही सकाळच्याच मेंदूवर ठामपणे बोट ठेवत असतं. नदीने मळी कापून नेल्यावर जुनी मोजणी घेऊन भांडायला उभं राहावं, तसं.

म्हणून चित्र ओटीतच काढायचं. पुन्हा पुन्हा काढायचं.

हे सगळ्यात धाडसाने केलं ते बॉस्टनमध्ये, १९९४ साली. ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजिस्ट फेरेंक योलेस आणि न्यूरोसर्जन पीटर ब्लॅक यांनी चक्क एमआरआयच्या आतच शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. त्यासाठी चुंबकाची दोन उभी कडी बनवली, त्यांच्यामध्ये ५६ सेंटिमीटरची फट ठेवली, आणि सर्जनने त्या फटीत उभं राहून काम करायचं. त्यांचे फोटो मी बराच वेळ पाहत बसते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच चुंबक, मध्ये अंग चोरून उभा असलेला सर्जन, आणि डोळ्यांसमोर आत्ताचा, या घटकेचा मेंदू. योलेस मूळचे हंगेरीचे, तिथे त्यांनी न्यूरोसर्जरीचंही शिक्षण घेतलं होतं. मला वाटतं, दोन्ही खोल्यांची हवा लागलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

त्या फटीत काम करणं फार अडचणीचं होतं, म्हणून पुढे रचना बदलल्या. आता काही ठिकाणी चुंबक छतावरच्या रुळांवरून चालत ओटीत येतो आणि चित्र काढून परत जातो. काही ठिकाणी शेजारच्या खोलीत यंत्र असतं आणि उघड्या डोक्याचा रुग्ण टेबलासकट तिकडे नेतात. अशी एक ओटी मी एकदा दिवसभर उभी राहून पाहिली. स्कॅन करायचं ठरलं की काम थांबतं. जखम निर्जंतुक कापडांनी झाकतात. मग मोजणी. सुया, कात्र्या, क्लिपा, चिमटे, ट्रेमधली एकेक वस्तू मोठ्याने मोजतात, दुसरी सिस्टर ताडून पाहते, फळ्यावर लिहितात. प्रत्येकाचे खिसे तपासतात. भूलतज्ज्ञांची सगळी यंत्रं चुंबकाला चालणारी. एक सुई कमी भरली तर चुंबक हलत नाही. त्या दिवशी अशी एक सुई हरवली होती. अर्धा तास ती शोधली, शेवटी कापडाच्या घडीत सापडली. कुणी एक शब्द वैतागून बोललं नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मेला, ते आमच्यापैकी कुणीही विसरलेलं नाही. चुंबक कायम चालू असतो. तो दमत नाही.

एवढं करून हाती काय लागतं? २०११ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या क्रिश्चन झेन्फ्ट आणि सहकाऱ्यांनी एक नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाला ओटीत एमआरआय मिळणार आणि कुणाला नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एमआरआय मिळालेल्या २४ जणांपैकी २३ जणांची चमकणारी गाठ पूर्ण निघाली. न मिळालेल्या २५ पैकी १७ जणांची. आकडे लहान आहेत. पण मी ते वाचले तेव्हा मला ते २५ उणे १७ आठवत राहिले. आठ माणसं. त्यांच्या रिपोर्टवर माझ्यासारख्याच कुणीतरी दुसऱ्या दिवशी तो शब्द टाइप केला असेल.

रंगाचा मार्ग आणखी वेगळा. ऑपरेशनच्या काही तास आधी रुग्णाला एक औषध पाण्यातून प्यायला देतात, फाइव्ह-एएलए. गाठीच्या पेशी त्याचं एका रंगद्रव्यात रूपांतर करतात, निरोगी मेंदू जवळजवळ करत नाही. मग ओटीतले दिवे घालवतात आणि मायक्रोस्कोपमधून निळा प्रकाश टाकतात. निळ्याशार अंधारात गाठ आतून पेटल्यासारखी दिसते, उन्हात धरलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. मी हे पाहिलं तेव्हा माझ्या सगळ्या करड्या छटा मला एकदम गरीब वाटल्या. वॉल्टर श्टुमर यांच्या जर्मन अभ्यासात, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, या प्रकाशाने पूर्ण गाठ निघण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. औषध महाग आहे, आणि मंद गतीच्या गाठी बहुतेकदा त्याने उजळत नाहीत. आपल्याकडे बरेच सर्जन फ्लुरोसीन वापरतात. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या तपासणीला शिरेतून देतात तोच स्वस्त पिवळा रंग. रुग्ण दिवसभर पिवळा दिसतो, लघवी पिवळी होते, आणि नातेवाइकांना कावीळ नाही हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

पण आमच्यासारख्या रुग्णालयात रोज हाताशी असते ती सोनोग्राफी. गरोदरपणी पोटावर फिरवतात तेच तत्त्व, प्रोब लहान. कवटीचं हाड ध्वनी अडवतं, पण सर्जरीत ते बाजूला झालेलंच असतं. यंत्र ढकलत आणता येतं, चुंबक नको, मोजणी नको, आणि चित्र दोन मिनिटांत. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये या पद्धतीवर फार चिकाटीने काम झालं. तिथे सोनोग्राफी आणि नॅव्हिगेशन एकत्र बांधून त्रिमितीय चित्र तयार केलं गेलं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या न्यूरोसर्जरी विभागानेही ही त्रिमितीय सोनोग्राफी बरीच वर्षं वापरून आपले अनुभव प्रसिद्ध केलेत. ते लेख मी परीक्षेला बसल्यासारखे वाचले.

नॉर्वेचीच एक गोष्ट मला राहून राहून आठवते. तिथे माणूस ज्या भागात राहतो त्या भागातल्या रुग्णालयात जातो. मंद गतीच्या ग्लायोमासाठी एका रुग्णालयाचा कल बायोप्सी घेऊन वाट पाहण्याकडे होता, तर ट्रॉन्डहाइमचा कल लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे, सोनोग्राफीच्या मदतीने. २०१२ साली दोन्हीकडचे मिळून १५३ रुग्ण तपासले गेले. वाट पाहणाऱ्या ठिकाणी निम्मे रुग्ण ५.९ वर्षांच्या आत गेले होते. दुसरीकडे तो आकडा काढताच आला नाही, कारण निम्म्याहून अधिक माणसं अजून जिवंत होती. यातलं श्रेय शस्त्रक्रियेचं, एकट्या सोनोग्राफीचं म्हणता येणार नाही, हे मला कळतं. पण आपलं घर कुठल्या गावात आहे यावर किती वर्षं मिळणार ते ठरावं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्याकडे तर हे गावागावात आहे, आणि ते कुणी मोजलेलंही नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

सोनोग्राफी शिकत होते तेव्हाची गोष्ट. उजव्या बाजूची गाठ होती, काम शेवटाला आलेलं. खळगा सलाईनने भरला, प्रोब टेकला, आणि खळग्याच्या तळाशी एक पांढरी शुभ्र कड चमकली. ग्लायोमा सोनोग्राफीत पांढरटच दिसतो. सरांनी विचारलं, “उरलंय का?” मी म्हणाले, “हो, तळाशी आहे.” त्यांनी माझ्या शब्दावर तिथून दोन तुकडे काढले आणि फ्रोझनला, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, पाठवले. अर्ध्या तासाने पॅथॉलॉजीतून निरोप आला : गाठीच्या पेशी नाहीत, मेंदूच आहे.

त्या रुग्णाच्या डाव्या हाताची पकड तीन आठवडे ढिली होती. चहाचा कप धरता येत नव्हता. मी रोज वॉर्डात जाऊन दोन बोटं पुढे करायची आणि म्हणायची, “दाबा.” चौथ्या आठवड्यात त्यांनी ती दुखेपर्यंत दाबली. तोवर मला नीट झोप नव्हती.

झालं काय होतं ते मी नंतर मुळापासून शिकले. मेंदूतून जाताना ध्वनी कमी कमी होत जातो, म्हणून यंत्र खोलवरून येणारा आवाज आपणहून वाढवून दाखवतं. मध्ये मेंदूच्या जागी सलाईन असलं की ध्वनी फारसा कमी होतच नाही, पण यंत्राला ते ठाऊक नसतं. ते आपलं वाढवत राहतं. मग पाण्याखालचा तळ खोटा खोटा चमकतो. खळगा जेवढा खोल, तेवढी चमक जास्त. ट्रॉन्डहाइमच्या लोकांनी यासाठी मेंदूइतकाच ध्वनी शोषणारा वेगळा द्रव बनवायचे प्रयत्न केले, ते उगाच नव्हे. आमच्याकडे तो द्रव नाही. आता मी तळाशी पांढरं दिसलं की कोन बदलायला लावते, बारीक प्रोब खळग्याच्या आत उतरवून भिंतीला टेकवायला सांगते, गाठीचं पहिलं चित्र शेजारी ठेवते. रक्त थांबवायला ठेवलेली जाळीसुद्धा पांढरी दिसते, म्हणून ती काढली का, असं दर वेळी विचारते. कंटाळा येईपर्यंत विचारते. आणि खात्री नसेल तर “मला सांगता येत नाही” हे मोठ्याने म्हणते. हे चार शब्द अंधाऱ्या खोलीत मला कधीच लागले नव्हते. तिथे “क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे”, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी तुम्हीच ताडून पाहा, असं लिहिलं की भागायचं.

मागच्या पावसाळ्यातला एक रुग्ण मनातून जात नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. गावच्या दूध संस्थेत हिशेब लिहिणारे गृहस्थ, वय पन्नाशीच्या आत. गाठ डावीकडे, पुढच्या बाजूला, बोलण्याच्या भागाला अगदी खेटून. अशा वेळी ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात रुग्णाला जागं करतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते. सर्जन एकेका जागेला सौम्य विजेचा स्पर्श देतो, आणि तेवढ्यापुरतं बोलणं अडलं तर ती जागा सोडायची.

समोर बसलेली वाचा-उपचारतज्ज्ञ त्यांना चित्रं दाखवत होती. परदेशी संचातली चित्रं आपल्या माणसाला अनोळखी असतात, म्हणून तिने स्वतः फोटो काढून आणलेत. विळी, पोळपाट, किटली, कुलूप. आणि नुसतं नाव सांगायचं नाही, आधी एक शब्द जोडायचा, म्हणजे जीभच अडली की नाव आठवत नाही ते वेगळं कळतं. इंग्रजीत तो जोडशब्द सगळ्यांना एकच. आपल्याकडे तसं चालत नाही. “हा पोळपाट.” “ही किटली.” “हे कुलूप.” ते सावकाश, नीट सांगत होते. मध्येच तिने आकडे म्हणायला सांगितले तेव्हा त्यांनी फॅट वाचून दाखवल्यासारखे म्हटले, सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट पाच, आणि कापडाच्या पलीकडे आम्ही सगळे हसलो.

मग विळीचा फोटो आला. सर मागच्या भिंतीपाशी होते. “ही…” ते म्हणाले. “ही… ही…” सरांचा हात थांबला, विजेची काडी उचलली गेली. “ही विळी.” तिने पुन्हा तो फोटो दाखवला, सरांनी पुन्हा तिथेच स्पर्श केला. “ही…” आणि पुढे काही नाही. वस्तू ओळखीची होती, ती स्त्रीलिंगी आहे हेही जिभेला ठाऊक होतं, फक्त नाव कुठेतरी मागे अडकलं होतं. सरांनी त्या जागेवर खुणेसाठी आकडा लिहिलेला एवढासा कागद ठेवला.

त्यानंतर पाणी सोडलं, प्रोब टेकला. पेशंट जागा असतो तेव्हा तो प्रश्न शब्दांत येत नाही. तो ऐकत असतो. सरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी चित्र तीन कोनांतून पाहिलं, सकाळच्या एमआरआयशी ताडलं, जाळी काढल्याची खात्री केली. पुढचा, वरचा, आतला भाग स्वच्छ होता. मागच्या भिंतीत, कागदाचा आकडा होता बरोबर त्याच्या खाली, बाजरीच्या कणसाच्या टोकाएवढा पांढरट पदर होता. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. या वेळी मला खात्री होती.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. त्यांच्या मास्कवरचे डोळे मला दिसत होते. मग ते सिस्टरला म्हणाले, “बंद करायला घेऊ.”

बाहेर बाकड्यावर त्यांची पत्नी आणि थोरला भाऊ बसले होते. सर बोलायला थांबले तेव्हा मीही थांबले, हल्ली थांबते. सरांनी सांगायला सुरुवात केली तोच वहिनींनी विचारलं, “सगळं निघालं का हो, डॉक्टर?” ओटीतला माझा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच, फक्त दोन बाजूंनी विचारलेला. सर म्हणाले, “नाही. थोडी ठेवलीय. ती काढली असती तर यांचं बोलणं गेलं असतं. उरलेल्यासाठी पुढे रेडिएशनचा शेक आणि औषध आहे. ठेवलीय ती समजून ठेवलीय.” वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ म्हणाले, “बोलतोय न्हवं तो?”

दुसऱ्या दिवशी एमआरआय माझ्याकडेच आला. तुकडा होता, मी बोट ठेवलं होतं तिथेच. मी तोच शब्द लिहिला, मिलिमीटर लिहिले, आणि पहिल्यांदाच खाली एक ओळ वाढवली, की हा भाग वाचाक्षेत्राला लागून असून शस्त्रक्रियेत जाणूनबुजून ठेवलेला आहे. सही केली आणि वर वॉर्डात गेले.

ते उशीला टेकून बसले होते, डोक्याला पांढरी पट्टी, डोळा थोडा सुजलेला. मी ओळख सांगितली तर त्यांनी हात जोडले. मग बाजूच्या टेबलाकडे बोट केलं. त्यावर पाण्याची बाटली होती, मोबाइल होता, केळी होती, चष्मा होता.

“तो…” ते म्हणाले.

वहिनी पुढे झाल्या. मी त्यांना हातानेच थांबवलं.

“तो… तो…” कपाळावर आठी आली, ओठ जुळले, सुटले.

“चष्मा,” ते म्हणाले.